न्यूट्रलवर उतरलेला घाट

डिसेंबर लागला की आमच्या हुडकेश्वरच्या चौकात हातगाड्यांवर संत्र्यांचे डोंगर उभे राहतात. साल सोलली की सगळ्या नागपूरला संत्र्याचा वास येतो. मला जळालेल्या ब्रेकचा येतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवून झालं. तो म्हणाला, नाक उत्तम आहे. ते मलाही ठाऊक आहे. एकदा शिरलेला वास माझ्या नाकातून निघत नाही. जुन्या भाडेकरूसारखा तो तिथंच राहतो आणि दर हिवाळ्यात खिडकी उघडून बाहेर डोकावतो.

समोर विमल, म्हणजे आमची बायको, खुर्चीत बसून संत्रं सोलत असते. एकेका फोडीचे पांढरे दोरे ती अशा निगुतीनं काढते की वाटावं, टाके काढते आहे.

"खा न. काहून थांबले?"

"वास येऊन राहिला."

"कशाचा?"

"ब्रेकचा."

 ती फोड माझ्या हातावर ठेवते. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट टोकाला जरा वाकडं आहे. लोकांना वाटतं, म्हातारपण. मी लोकांना सांगतो, वाघानं चावलं.

तो हिवाळा सत्तर सालाच्या आसपासचा. हुडकेश्वर तेव्हा शहरात नव्हतंच. तिथं तूर उभी असायची आणि संध्याकाळी कोल्हे सभा भरवायचे. थंडी अशी पडली होती की नागपुरातल्या सदरमधला चहावाला किटलीतून चहा ओतायचा आणि कपात पोचेपर्यंत त्याची कुल्फी व्हायची. त्याच सदरमध्ये एका गॅरेजात मी गाड्या दुरुस्त करायचो, आणि दुरुस्त झालेली गाडी गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला जाताना वाटेत जरा मोठा फेरा घ्यायचो. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला ड्रायव्हर म्हणवत असे.

विमलला बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं होतं, "गाडी कुठं कुठं चालवली?" मी म्हटलं, "मामाजी, हिमालयात चालवली. खाली ढग, वर ढग, मधात आपण." सासऱ्याला आमच्याकडं मामाजी म्हणतात, आणि मी तर लग्न ठरायच्या आधीच म्हणायला लागलो होतो. खरं सांगायचं तर तोवर मी चढलेला सर्वांत उंच रस्ता म्हणजे सीताबर्डीच्या टेकडीच्या पायथ्याचा चढ. पण मामाजीही काही साधे नव्हते. मिलमध्ये लागायच्या आधी ते लढाईत बर्माला होते. ते लगेच म्हणाले, "बर्मात आपण ट्रक असा चालवला जवाईबापू, का खाली वाकून पाह्यलं त गिधाडं उडून राह्यली होती." मग मी हिमालय आणखी थोडा उंच केला, त्यांनी बर्मा उंच केला. चहा येईपर्यंत आम्ही दोघं पार चंद्राच्या आसपास पोचलो होतो. दाराआड उभी राहून विमल हे सगळं ऐकत होती. ती कधी एका शब्दानं वाढवून बोलली नाही. बारीक ताप असला तर बारीक ताप आहे असंच सांगणारी बाई. ती मला हो का म्हणाली, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

तिनं नर्सचं शिक्षण पुरं केलं होतं. तिची आई जन्मभर विड्या वळून मेली. वस्तीत सरकारी नोकरीची ऑर्डर येणारी विमल पहिली बाई. ऑर्डर आली ती मेळघाटातल्या दवाखान्याची, सेमाडोहच्याही पलीकडं. आणि आली तीच उशिरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या आत रुजू व्हायचं, नाही तर यादीतली खालची बाई तयारच होती. वर जाणारी एसटी परतवाड्याहून सकाळीच सुटायची, ती काही आम्हाला सापडणार नव्हती. वस्ती आमच्या दारात जमली. कुणी म्हणालं रेल्वेनं जा, कुणी म्हणालं तार करा. मामाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हिमालयवाले जवाई घरात असताना चिंता कायची?"

मग काय करता? गॅरेजच्या शेठजींच्या हातापाया पडून मी जीप आणली. मिलिटरीच्या लिलावातली जीप. तिचा पत्रा एवढा पातळ झाला होता की आत बसून बाहेरच्या माणसाची सावली ओळखता यायची. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा कधीचाच मोडलेला, आणि पहिला गिअर टिकत नसे. टाकला की थोड्या वेळानं खट्‌कन सुटायचा. नागपुरात त्याचं कुणाला काय! नागपूर म्हणजे ताटासारखं सपाट. पहिला गिअर इथं जावयासारखा, कधीमधी येणार आणि लवकर जाणार.

पहाटे निघालो. मागं विमल, पांढऱ्या कडक इस्त्रीच्या साडीत, मांडीवर ऑर्डरची पिशवी. तिच्या बाजूला डॉक्टरसाहेबांना भेट म्हणून संत्र्यांची टोपली. पुढं माझ्याशेजारी मामाजी, डोक्याला मफलर, तोंडात बर्मा.

परतवाड्याच्या पुढं तो काळा डोंगर उठतो.

आमच्या गॅरेजात एक प्राध्यापक स्कूटर घेऊन यायचे, दगडधोंड्यांचा विषय शिकवायचे. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं की हा सगळा मुलूख ज्वालामुखीचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमीन फाटली आणि तापलेला रस बाहेर आला, पसरला, थिजला. मग पुन्हा आला, पुन्हा थिजला. थरावर थर. म्हणून हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. तो रस पार आमच्या सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत येऊन थांबला म्हणे. थांबणारच, मी म्हटलं. नागपूरचा उन्हाळा पाहून ज्वालामुखीनंसुद्धा कपाळावरचा घाम पुसला असेल आणि इथून पुढं आपलं काम नाही म्हणून बसकण मारली असेल.

पण त्या दिवशी घाटात शिरल्यावर मला हसू येईना. एका बाजूला काळा कातळ, उभा, ओला, मधूनमधून विटेसारखा तांबडा पट्टा. वरून दुसरा थर आला तेव्हा भाजून निघालेली ती माती. दुसऱ्या बाजूला काही नाही. खरंच काही नाही. साग होते, पण त्यांचे शेंडे आमच्या चाकांच्या खाली. रस्ता एका जिपेपुरता, आणि आमची जीप जरा जाडच. वळणं अशी की पुढचं चाक वळून जाईपर्यंत मागच्याला बातमी नसायची. मला कळेना, डोंगर असा एकटा, एवढा शांत, वर ना गाव ना माणूस, मग छातीत धडधडायचं काय कारण? नंतर कळलं. सपाटीवर चूक केली तर माणूस शिव्या खातो. इथं शिव्या द्यायला कुणी उरणार नव्हतं.

"हिमालयात असंच राह्यते का गा?" मामाजींनी विचारलं. त्यांचा हात समोरच्या लोखंडी दांड्यावर पांढरा पडला होता.

"याच्यापेक्षा अरुंद राहते," मी म्हणालो. "बर्मात?"

"बर्मात त रस्ताच नव्हता."

दोघांनाही थांबू या म्हणायचं होतं. दोघांनाही म्हणता येत नव्हतं. दोन थापाड्यांनी एका जिपेत बसू नये. भीती बाहेर पडायला दारच राहत नाही.

चढताना इंजिन किटलीसारखं उकळलं. दोनदा थांबून पाणी घातलं. पेट्रोलचा काटा खाली बसला. घटांगच्या माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. वर वारा असा की संत्र्यांना हुडहुडी भरली. समोर सातपुडा थराथरानं काळानिळा पसरलेला, जणू कुणीतरी तवे उपडे मांडून ठेवलेत. आणि तिथून रस्ता सेमाडोहकडं खाली उतरायला लागला.

आता तुम्हाला आमची नागपुरी रीत सांगतो. गाडीला जरासा जरी उतार मिळाला, मग तो नालीवरच्या रपट्याचा, म्हणजे ठेंगण्या पुलाचा, का असेना, की आमचा माणूस गाडी न्यूट्रल करतो आणि इंजिन बंद करतो. पेट्रोल वाचतं. जो न्यूट्रल मारत नाही त्याला आम्ही उधळ्या म्हणतो. जिथं उतार नाहीतच तिथं ही रीत कुणाला मारत नाही.

"मारा न्यूट्रल," मामाजी म्हणाले. "पेट्रोल कमी हाये."

मी मारलं. किल्ली फिरवली.

केवढी शांतता झाली! इंजिन थांबलं आणि डोंगर ऐकू आला. खालच्या दरीतून कुठंतरी पाणी, एक पक्षी, चाकांखालची खडी. विमल मागून म्हणाली, "किती छान वाटून राह्यलं." एका वळणापुरतं ते सुख होतं. दुसऱ्या वळणावर खडीचा आवाज बारीक झाला. तिसऱ्यावर आवाजच उरला नाही, नुसती शीळ. मी ब्रेक दाबला. धरला. पुढच्या वळणावर पुन्हा दाबला, तेव्हा पाय जास्त आत गेला. मग वास आला. लोकर, रबर आणि केस एकत्र जाळल्यासारखा.

"काही जळून राह्यलं," विमल म्हणाली.

"विडी असंल," मामाजी म्हणाले. विडी त्यांच्या हातात विझलेली होती.

पुढच्या दाबाला पाय पार पत्र्याला जाऊन टेकला. खाली काहीच नव्हतं, कापसात पाय घातल्यासारखं. त्या वेळी माणसाला सगळं आठवतं असं म्हणतात. मला एकच आठवलं, की जीप शेठजींची आहे. मी गिअर घालायला गेलो तर दातांवर दात घासल्यासारखा आवाज आला आणि दांडा हातातून उडाला. मागची टोपली कलंडली. संत्री उड्या मारत बाहेर पडली आणि, तुमचा विश्वास बसो न बसो, आमच्या पुढं निघाली. केशरी संत्री त्या काळ्या रस्त्यावर आम्हाला ओव्हरटेक करून वळणापर्यंत गेली, आणि वळली नाहीत. सरळ गेली. एकामागून एक, हवेत. मी पाहिलं आणि मला कळलं की आम्हीही सरळच जाणार आहोत.

"कातळाले लावा!" मागून विमल ओरडली. "दगडाकडं घ्या, दगडाकडं!"

मी डोळे मिटून स्टिअरिंग डोंगराकडं ओढलं. जिपेची सगळी बाजू कातळावर खरवडत गेली, ठिणग्या उडाल्या, मामाजींचा मफलर ज्वालामुखीनं काढून घेतला, पुढचं चाक नालीत पडलं आणि बंपर दगडात रुतून आम्ही थांबलो. चाकांमधून धूर येत होता. एक चुकार संत्रं घरंगळत येऊन तापलेल्या चाकाला टेकलं आणि तव्यावर पाणी पडल्यासारखं चर्र वाजलं. तो वास. तोच. तेव्हापासून तो माझा.

 नातवंडांना हा प्रसंग सांगताना मी इथं वाघ आणतो. त्यांच्या वडिलांची गाडी हल्ली चिखलदऱ्याला जाताना गाणी म्हणत जाते, त्यांना वाघाशिवाय ही गोष्ट पचत नाही. पण वाघ नव्हता. नुसतं ऊन होतं, आणि ते समोरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरत होतं. काळा थर विझला, तांबडा पेटला, मग तोही विझू लागला. त्या दिवशी डोंगर म्हणजे एक घड्याळ होतं आणि ते फक्त विमल वाचत होती.

"उतार किती राह्यला?" तिनं विचारलं.

"बराच," मी म्हणालो. "ब्रेक थंड होऊ दे. पण तेल उकळून गेलं असंल. उद्या परतवाड्याहून कुणी..."

"उद्या नाही," ती म्हणाली. "उद्या त्या जागेवर दुसरी बाई असंल."

मी सांगितलं, पहिल्या गिअरवर गाडी मुंगीसारखी उतरेल, पण हा गिअर सुटतो. एक हात दांड्यावर दाबून ठेवावा लागेल. आणि तरीही सुटला, तर ब्रेक नाही. हे बोलताना माझा आवाज हिमालयातून आलेला नव्हता.

मामाजी खाली उतरले. नालीतून त्यांनी एक काळा दगड उचलला, उलटा केला, टाकला. दुसरा उचलला. तिसरा हातात तोलून पाहिला, एका बाजूनं चपटा, एका बाजूनं उतरता. "असा पाहिजे," ते विमलला म्हणाले. "गोल दगड चाकाखालून निसटते. चाकाच्या बाजूनं चालाचं, पुढून नाही. गिअर सुटला का मी 'लाव' म्हणीन. लावाचा अन् हात काढाचा. पह्यले हात काढाचा, मंग पाहाचं लागला का नाही."

"तुम्हाले कसं माहीत, बाबा?"

"बर्मात असंच करत होतो."

"मग ट्रक कोण चालवत होतं, मामाजी?" माझ्या तोंडून गेलंच.

"चालवणारा चालवत होता. तुम्ही समोर पाहा."

तिघांनी ढकलून चाक नालीबाहेर काढलं, आणि निघालो. माझ्या उजव्या हातात स्टिअरिंग, डाव्या हाताखाली दांडा, त्यावर सगळं अंग टाकलेलं. पायाखाली काही नाही. दरीच्या अंगाला मामाजी, कातळाच्या अंगाला विमल. तिनं पदर खोचला होता, चपला जिपेत ठेवल्या होत्या, आणि पोटाशी तो काळा दगड धरला होता, लेकरू धरावं तसा. जीप गुरगुरत उतरत होती, आणि मला उजव्या बाजूला एक म्हातारं डोकं आणि डाव्या बाजूला एक पांढरी साडी, एवढंच दिसत होतं. रस्ता मी पाहिलाच नाही. ती दोघं जिकडं तिकडं रस्ता.

दांडा हाताखाली थरथरायचा. ती थरथर अजून तळहातात आहे. सुटण्याआधी गिअर जरासा सैल पडतो, झोपेत मुठीतलं बोट सुटावं तसा. मी दात खाऊन दाबायचो. ओठ फुटला, कळलं नाही. प्रत्येक वळणावर मामाजी म्हणायचे, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या," आणि मी येत होतो.

एका खड्ड्यात चाक आपटलं आणि तो सुटला.

खट्‌. एवढाच आवाज. आणि जीप एकदम हलकी झाली.

"लाव!"

डावीकडची पांढरी साडी खाली गेली. दिसेनाशी झाली. चाक कशावर तरी चढलं, जीप माझ्यासकट वर उचलली गेली, क्षणभर तशीच राहिली. मी आयुष्यात कुणाची प्रार्थना केली नाही, आमच्या घरात ती सवय नाही. पण त्या दगडाची मी केली. जीप मागं टेकली. थांबली.

"विमल!"



"विमल, वं!" मामाजी धावत पुढून वळसा घालून आले.

"थांबली," ती खालून म्हणाली. मग उभी राहिली. उजवा हात तिनं डाव्या काखेत दाबून धरला होता. "चला. अंधार पडाच्या आत."

"हात पाहू."

"हात तिथंच आहे. गिअर टाका."

पुढचं मी वर्णन करत नाही. मला वर्णन करता येत नाही अशी गोष्ट जगात सापडेल असं मला वाटलं नव्हतं. सेमाडोह आलं, सिपना नदीचं पाणी आलं, रस्ता सपाट झाला, ती दोघं आत बसली. कुणी कुणाकडं पाहिलं नाही. नदीकाठच्या धुक्यात चुलींचा धूर मिसळत होता. मी सपाटीवरही दांडा दाबून धरला होता. मामाजींनी हळूच माझा हात उचलून बाजूला ठेवला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर कुलूप हातात घेऊन उभे होते. वयस्कर, थकलेले गृहस्थ. त्यांनी ऑर्डर वाचली, घडी केली आणि विमलकडं परत दिली; सुजलेलं बोट ताठ ठेवून तिनं ती घेतली.

"बाई, खरं सांगू का? तुम्ही परत जा. तुमच्या आधी आलेल्या सगळ्या या घाटाला घाबरून पळाल्या. कागदावर जागा भरलेली दिसते, म्हणून मला दुसरं माणूस मिळत नाही. इथं बाळंतपणाला मी एकटा. त्यापेक्षा आज रुजूच होऊ नका. वेळ गेली असं मी लिहून देतो, तुम्हाला दुसरीकडं कुठं मिळेल."

"मी पळनार नाही, सर."

"सगळ्या हेच म्हणतात." मग त्यांनी आमच्या जिपेकडं पाहिलं. एका बाजूचा सगळा रंग गेला होता. "रस्ता कसा होता?"

मामाजींनी तोंड उघडलं. मीही उघडलं. माझ्याजवळ सगळं तयार होतं, दरी, ठिणग्या, हवेत उडालेली संत्री, आणि एक वाघही तेवढ्यात आलाच होता. त्यांच्याजवळ अख्खा बर्मा. आम्ही दोघं बोललो असतो तर ती त्याच रात्री परत नागपूरच्या वाटेवर असती.

विमलनं हात पाठीमागं घेतले.

"रस्ता चांगला आहे न, सर," ती म्हणाली. "बाबा अन् हे गोष्टी करत होते. मला तर घाटात झोपच लागली."

आमची तोंडं उघडी ती उघडीच. डॉक्टरांनी तिच्या अनवाणी पायांकडं पाहिलं, साडीच्या काळ्या झालेल्या पोटाकडं पाहिलं, जिपेकडं पुन्हा पाहिलं. आत कुणीतरी खोकत होतं. त्यांनी कुलूप टेबलावर ठेवलं, कंदील मोठा केला आणि दार पूर्ण उघडलं.

"आधी हात धुऊन घ्या, सिस्टर," ते म्हणाले. "मग ते बोट दाखवा मला."